सही इथे करा

या. प्रणोती बाविस्कर ना?
बाविस्करमधला व, व्ही की डब्ल्यू?
मेलमध्ये एक आहे, आधारवर दुसरा.
आत्ताच सांगा, एकदा सिस्टिममध्ये गेला
की एका अक्षराला तीन मंजुऱ्या लागतात,
आणि त्यातले एक साहेब कायम रजेवर.

हा लॅपटॉप. हा चार्जर. ही बॅग,
चेन डावीकडे अडते, दोष तुमचा नाही.
सही इथे करा. आणि इथे. आणि खाली,
जिथे लिहिलंय ‘वस्तू सुस्थितीत मिळाली’.

नवा म्हणून देतोय, पण नवा नाही.
शुक्रवारपर्यंत मेहेरनोश नावाच्या गृहस्थांकडे होता.
सगळं पुसलं मी, तीनदा, नियमाप्रमाणे.
ई-ची कळ मात्र त्यांनीच पुसून ठेवलीय,
बोटाखाली जरा खोलगट लागेल.

वर बाराव्या मजल्यावर मोठा पडदा आहे,
त्यावर हसणारी माणसं दाखवतील.
निम्मी सोडून गेलीत.
नाव छापलेला मग मिळेल,
एक बोटाएवढं झाड मिळेल,
फार पाणी घालू नका, ते एसीनेच मरतं.
आपण एक कुटुंब आहोत असं कोणी म्हणालं
तर मान हलवा.
कुटुंबात सहा महिन्यांचं प्रोबेशन नसतं,
एवढं लक्षात असू द्या.

पहिला आठवडा कामच नसेल.
सगळ्यांना वाटतं, आपल्याला विसरले.
खरंच विसरलेले असतात.
बुधवारी कोणाला तरी आठवेल
आणि गुरुवारपासून
तुम्हाला तो मंगळवार आठवत राहील.

अडलं तर इफ्फत मॅडमना विचारा,
चौथी रांग, खिडकीकडे.
त्या आधी रागावतात, मग सांगतात.
गोड बोलणारे नुसतं गोड बोलतात.

पहिला पगार ऐकलेल्या आकड्याहून कमी येईल.
आईला अजून आकडा सांगितला नसेल
तर थांबा महिनाभर.

आणि एक चूक होईल, मोठी,
रात्री नऊच्या सुमारास.
एक बटण दाबाल, आणि कुठेतरी, बहुतेक हॉलंडात,
कोणाला तरी बिल दोनदा जाईल.
लगेच सांगा.
मेहेरनोशनी दोन तास लपवलं होतं.
ते त्यामुळे गेले असं मी म्हणत नाही.

खिडकीतून खारफुटी दिसते, पलीकडे मालाडची खाडी.
ओहोटीला काचेतूनही वास येतो.
नवी माणसं तक्रार टाकतात,
ती फिरत फिरत माझ्याकडे येते.
मी लिहितो, ‘निवारण झाले’.
भरती आली की ते खरंही असतं.
मला स्वतःला येत नाही वास. मी मढचा.

काय म्हणालात? किती वर्षं इथे?
तुमच्या गळ्यातली दोरी निळी.
माझी पिवळी, बघितलीत?
पिवळी म्हणजे कंत्राटाची.
एकतीस मार्चला माझं कार्ड दारावर बंद पडतं.
एक एप्रिलला मी याच टेबलासमोर उभा, तुमच्या बाजूने,
आणि गेटवरचा राजभर विचारतो, नवीन का?
तो हसतो. मीही.
मग वळसा घालून या बाजूला येतो, बसतो,
आणि रजिस्टरमध्ये लिहितो
हिराजी पांडुरंग तांडेल, नवीन.
फोटोही नवा काढतात.
अकरा झालेत. ओळीने मांडले
तर केस कुठून कुठे गेले ते दिसतं.

म्हणून सांगतो,
नव्या माणसाचं पोट कसं होतं
ते या इमारतीत माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.
कार्ड टेकवलं
आणि हिरवा दिवा अजून लागला नाही,
मधे जे काही असतं ना,
ते अकराव्या वेळीही
तेवढंच लांब असतं.

जा आता, लिफ्ट आलीय.
पेन? राहू द्या तुमच्याकडे.
ते यादीत नाही.